महाराज निजले असताना

दौलतभाऊ, महाराज निजले होते एवढं तर तुम्हालाही मान्य होतं. आपलं भांडण होतं ते पुढच्या वाक्याचं. ते वाक्य विंगेतून तुम्ही मला सांगितलं की माझं मीच बोलले, यावर आपण इतकी वर्षं भांडलो, आणि निकाल लागायच्या आधीच तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. एस.टी.चा कंडक्टर माणूस, शेवटचा थांबा यायच्या आत असा उतरतो का?

मला कळलं ते मूल गावच्या स्टँडवर. गडचिरोलीची गाडी लागली आणि मी सवयीनं दारात पाहिलं. घंटीच्या दोरीला धरून कोणी दुसराच उभा होता. मी तुमची चौकशी केली तर तो म्हणाला, "तुमाले मालूम नाई का बाई? दौलतभाऊ गेले ना जी." मी चढले नाही. गाडी गेली, मी बाकावर बसून राहिले. खूप रडले. येणारे-जाणारे पाहत होते, पाहू दिलं. आणि रडता रडता मला गुलाबरावांचा चहा आठवला नि त्या भरल्या स्टँडवर मी एकटीच हसायला लागले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं बोचकं उचललं आणि ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

चहाची गोष्ट तुम्हाला काय सांगायची, पण पुन्हा एकदा सांगते. आपल्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव शंकरपट आणि नाटक. दिवसा बैल पळायचे, रात्रभर माणसं नाटक पाहायची. गावातले पुरुष हौसेनं राजा, प्रधान, राजपुत्र व्हायचे आणि बायकांच्या कामांसाठी नागपूर-वडशाहून 'लेडीज' आणायचे. त्या लेडीजपैकी मी एक. राजे दिवसा शेतावर असायचे, आम्ही आज एका गावात तर उद्या दुसऱ्या, मग पाठांतर करायचं कोणी? सगळा भार प्रॉम्प्टरवर, आणि आमचे प्रॉम्प्टर तुम्ही. तो विंगेत संहिता घेऊन बसणार, वाक्य सोडणार, आम्ही ते उचलून पब्लिकला देणार. तुमच्या तोंडून निघेल ते आमच्या तोंडून बाहेर, अशी सवयच होती. म्हणून तर तुम्ही विंगेत कोणाला तरी हळूच म्हणालात, "चहा आण, साखर कमी टाकजो," आणि सिंहासनावरून, राजा झालेल्या गुलाबरावांनी भर दरबारात हात उंचावून प्रधानाला तेच फर्मान सोडलं. प्रधानही असा नेक की मुजरा करून चहा आणायला गेला.

दिवसभर बसमध्ये "चला पुढं, पुढं सरका" असं ओरडणारा माणूस विंगेत बसला की इतक्या मऊ आवाजात कसा बोलतो, याचं मला पहिल्या मोसमापासून नवल वाटायचं. तुमचा आवाज बरोबर माझ्याच कानात यायचा, शेजारच्या दासीलाही ऐकू जायचा नाही. किती राण्या मी त्या आवाजावर तारून नेल्या.

आणि त्या राण्यांवरच तुमचा राग. तुम्हाला राजा-राणीच्या कादंबऱ्यांचं भलतं वेड. उडता घोडा, शापित राजपुत्र, मंतरलेलं तळं, गुलाबी कव्हराचं पुस्तक दिसलं की तुम्ही ते स्टँडवरच्या दुकानातून आणणार, फेऱ्यांच्या मधल्या वेळेत वाचून काढणार आणि मग मी गाडीत सापडले की शेवटच्या सीटवर येऊन माझ्यापुढे ते पुस्तक आपटणार. जसं काही मीच लिहिलं होतं.

"हे पाहा बाई. पह्यल्या भागात हे राजकन्या वाघ मारते. तलवार चालवते, चार भाषा बोलते. आन् एकदा का तो राजपुत्र दिसला, का झाली खतम. मंग ते हरणालेई भेते. काऊन?"

"प्रेमात पडली, भाऊ."

"प्रेमात पडली, का पायरीवरून पडली? डोकं कुठी गेलं तिचं?"

एकदा तुम्ही मला एक कसोटी सांगितली होती, ती मी पुढे किती जणांना ऐकवली. तुम्ही म्हणालात, "राजकन्या काढून टाका आन् त्या जागी किराणावाल्याची पोरगी ठेवा. गोष्टीत काई बदलते का? नाई ना? मंग राजकन्या कायले घेतली? राजा हाय, मंग त्याले राज्य पायजे ना. याच्या राज्यात तलाव हाय का, धान पिकते का, पाळ फुटली तर कोन पाह्यते? एका पुस्तकात नाई. सारा दिवस गच्चीवर उभा राहून चंद्र पाहून राह्यला."

मी म्हणायचे, राज्य करणारी राणी पाहायला कोण येणार आहे? कारभार तर तहसीलदारही करतो, त्याला पाहायला कोणी बैलगाडी जुंपून येत नाही. लोकांना मुकुट पाहिजे, विरह पाहिजे, शेवटी लग्न पाहिजे. यावर गाडी चांदा शहरात शिरली की तुम्ही बोट दाखवायचात ते परकोटाकडे, त्या जुन्या तटाकडे. "या जटपुऱ्याच्या दरवाजातून म्या रोज गाडी काढतो. या चांद्यात एका रानीनं राज्य केलं. नवऱ्यामागं केलं आन् चांगलं केलं. आपल्याच घरात असी रानी असून आपल्या नाटकातली रानी पदरच ओला करून राह्यली. किती माल वाया चालला, बाई." वाया चालला हा शब्द तुम्ही असा म्हणायचात की मला वाटायचं, खरंच कुठं तरी पोतं फाटून धान सांडतंय.

तुमची इच्छा एकच होती. एकदा, फक्त एकदा, एखाद्या राणीला सिंहासनापुढे उभं राहून निवाडा करताना पाहायचं. मला सांगायचात, तुम्ही बोला ना एखादं वाक्य आपल्या मनानं. मी हात जोडायचे. माझं पोट दुसऱ्यांच्या वाक्यांवर चालत होतं. संहिता सोडून बोलणारी बाई म्हणून एकदा नाव झालं की पुढच्या मोसमाला कोणतं मंडळ बोलावणार? आणि खरं सांगू का, आपल्या मनातलं वाक्य कसं असतं हेच मला माहीत नव्हतं. घरी मोठा भाऊ सांगेल ते, स्टेजवर तुम्ही सांगाल ते.

मग ते नाटक आलं. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या मोसमातलं. तुमच्याच गावात 'चंद्रवनची राजकन्या'. गुलाबराव महाराज, मी महाराणी. गुलाबराव गावातले सर्वांत मोठे शेतकरी, तलावाच्या पाण्याचा कारभार त्यांच्याच हातात. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, फुटून बसलं होतं आणि टोकाच्या शेतांना पाणी पोचत नव्हतं. लोक विचारायला गेले की गुलाबराव "पाहू" म्हणायचे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की शेवटच्या अंकात राजपुत्र शापातून सुटून येतो, गुडघा टेकतो, महाराज त्याला अर्धं राज्य देतात आणि महाराणी डोळ्याला पदर लावते.

शेवटचा अंक लागला तेव्हा उजाडू लागलं होतं. गॅसबत्त्या फिक्या पडल्या होत्या, गोधड्यांमधून डोकी वर येत होती. राजपुत्रानं गुडघा टेकला. तुम्ही वाक्य सोडलं, "वत्सा, आम्ही प्रसन्न आहोत." महाराज गप्प. पुन्हा सोडलं. गप्प. मी तिरक्या नजरेनं पाहिलं तर गुलाबराव सिंहासनावर मान टाकून शांत निजले होते. मुकुट नाकापर्यंत आला होता. तुम्ही आवाज चढवला. विंगेतून, मग विंगेच्या तोंडाशी येऊन, मग पार कंडक्टरच्या आवाजात, "वत्सा, आम्ही प्रसन्न आहोत!" मागच्या बैलगाड्यांवरची माणसंसुद्धा महाराजांना वाक्य सांगायला लागली. सगळं मैदान प्रसन्न होतं, महाराज सोडून. तुमचा आवाज चिरत चिरत गेला. राजपुत्रानं गुडघा बदलला.

आणि मग मी दोन पावलं पुढे गेले आणि म्हणाले, "महाराज निजले आहेत. निवाडा मी करते."

मैदान चूप. अर्ध्या राज्याचं मी काय केलं ते तुम्हाला आठवतं ना? राजपुत्राला म्हटलं, बाळ, राज्य मिळेल, पण आधी राज्याची हालहवाल काय आहे ते ऐकून घे. प्रजेत कोणाची काही तक्रार? आता प्रधानानं काही तरी बोलावं म्हणून मी त्याच्याकडे पाहत होते. तर खाली चटईवरून घोंगडी सावरत एक म्हातारी उठली. तुमच्या गावची सखूबाई. नाटकात नव्हतीच ती, पाहायला आलेली. हात जोडून म्हणाली, "रानीसाहेब, तलावाचं तुडुम फुटलं हाय. यंदा आमच्या धानाले पानी आलं नाई. कोनी आयकत नाई."

कोणी हसलं नाही. मी विचारलं, तुडुम कोणाच्या ताब्यात आहे? सगळ्या मैदानानं सिंहासनाकडे बोट केलं.

एवढ्या शांततेनं गुलाबरावांना जाग आली. गोंगाटात गाढ झोपलेला माणूस शांततेनं उठला. उठल्याबरोबर त्यांनी जन्मभराच्या सवयीनं कान विंगेकडे केला, वाक्यासाठी. वाक्य येईना. मग मी पदराआडून हळूच सांगितलं आणि त्यांनी ते उचललं, छाती काढून, हात उंचावून, झोपेतून उठलेल्या राजाच्या खणखणीत आवाजात: "आज सूर्य उगवताच आम्ही स्वतः तुडुमावर हजर होऊ. दार बसेपर्यंत आम्ही घरी जेवणार नाही." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. तोवर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. आणि सूर्य तर गावामागून निघालाच होता.

सकाळच्या गाडीनं मी वडशाकडे निघाले तेव्हा खिडकीतून पाहिलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ही गर्दी. मध्ये गुलाबराव, अंगात जरीचा कोट, तोंडाचा रंग तसाच, गाल लाल. हातात फावडं. सखूबाई पुढे उभी राहून कुठं खणायचं ते दाखवत होती. गाडीतले सगळे खिडक्यांना लोंबकळले. एवढं मी कधी हसले नव्हते, आणि त्या हसण्यात मला एकदम कळलं की मी अजून राणीच्या कपड्यांत आहे, गडबडीत बदललेच नाहीत. आमच्या ड्रेसवाल्यानं पुढच्या गावी मला काय काय ऐकवलं.

तुडुमाचं दार नीट बसलं. पुढच्या पावसाळ्यात टोकाच्या शेतातही चिखलणी झाली, हे तुम्हीच मला गाडीत सांगितलं. आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हटलं, भाऊ, वाक्य काय दिलंत तुम्ही, सोनं होतं. तुम्ही तिकिटं फाडता फाडता थांबलात. "म्या? म्या नाई दिलं. तुमी बोलल्या."

"मी? मी कशी बोलेन? मला विंगेतून स्पष्ट ऐकू आलं. तुमचाच आवाज."

"माह्या आवाज कुठी होता बाई? गळा बसला होता, त्या गुलाबरावले उठवू उठवू."

मला ते खोटं वाटलं. गुलाबरावांचा राग अंगावर येऊ नये म्हणून तुम्ही नाकारताय असं वाटलं. मग मला कळलं की गुलाबरावांनी तुम्हाला बोलावून विचारलं होतं, हे कोणी केलं, आणि तुम्ही मान डोलावून सरळ म्हणालात, मीच केलं. त्यापायी स्वतःच्या गावातली प्रॉम्प्टरची जागा गेली तुमची. पुढच्या वर्षी तुम्ही पब्लिकमध्ये चटईवर बसलात, आणि गुलाबरावांना मात्र मला बोलवावंच लागलं, कारण सगळं गाव म्हणत होतं, तीच राणी आणा. नव्या प्रॉम्प्टरचा आवाज मला ऐकू येईना, तेव्हा चटईवरून तुमचे ओठ वाचून मी ते नाटक निभावलं.

तर माझा मुद्दा हाच होता, की गुलाबरावांपुढे तुम्ही कबूल केलंत मग माझ्यापुढे का नाही? तुम्ही हसायचात. "तिथं म्हटलं ते तुमचा मोसम बुडू नये म्हनून. इथं सांगतो ते खरं." मी म्हणायचे, खोटं. दर मोसमात, दर गाडीत तेच. एकदा तर सावली गावच्या थांब्यावर तुम्ही घंटी द्यायची विसरलात आणि ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, रानीचा निकाल लागला असन तर जाऊ का?

मला ते वाक्य तुमचंच हवं होतं, भाऊ. तुमचं असलं तर मी बिनघोर वापरू शकत होते. आणि मी वापरलं. माझ्या मोठ्या भावानं ठरवलं की आता वय झालं, नाटक पुरे, नागपूरला येऊन त्याच्या घरी राहायचं आणि त्याची लेकरं सांभाळायची. तो बोलत होता, मी खाली पाहत होते, आणि एकदम तोंडातून निघालं, दादा, निवाडा मी करते. मी वडशाला खोली घेतली, पुढच्या मोसमाच्या तारखा माझ्या मी धरल्या, आणि कुठल्या मंडळाशी बोलायचं तेही मीच ठरवायला लागले. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके खूश झालात की मूलच्या स्टँडवर सगळ्या गाडीला भजी खाऊ घातलीत. मी म्हटलं, तुमचं वाक्य कामाला आलं. तुम्ही भज्याचा घास गिळून म्हणालात, "माह्यं नाई." आणि पुन्हा तेच.

तुमच्या पुण्यानुमोदनाला, त्या शोकसभेला, मला पोचता आलं नाही, नंतर घरी गेले. शांतावहिनी ओसरीत बसल्या होत्या. आम्ही दोघी आधी रडलो. मग त्यांनी चहा केला, साखर कमी टाकू का असं विचारलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तुमच्या खोलीत गुलाबी कव्हरांची थप्पी तशीच होती. वरच्या पुस्तकातल्या राजकन्येच्या चित्रापुढे तुम्ही पेन्सिलीनं एक छोटं फावडं काढून ठेवलं आहे, ते मी पाहिलं.

निघता निघता मी सहज म्हटलं, वहिनी, ते एक वाक्य कबूल न करताच गेले. तर त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की मलाच काही समजेना.

"बाई, त्यायनं नाई सांगितलं. म्या होती ना तिथी."

"कुठं?"

"विंगेत. त्यायच्यासाठी गरम पानी घेऊन गेली होती. आवाजच नव्हता त्यायचा. नुसते हात हालवून राह्यले होते. तुमी बोलल्या तवा त्यायनं माह्या हात असा धरला का बांगडी फुटली."

मी खाली बसले. म्हटलं, मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला साक्षीला बोलावलं असतं तर एका दिवसात मिटलं असतं.

वहिनी पदरानं तोंड पुसत हसल्या. "म्या म्हटलं ना त्यायले. म्हटलं, मले घेऊन चाला, म्या सांगतो बाईले. तर म्हने, नको. तिचं तिले समजू दे. आन् भांडन मिटलं तर बाई गाडीत माह्याशी बोलन काय?"

तर असे तुम्ही. मी उठले आणि तुमच्या फोटोपुढे उभी राहून म्हटलं, ठीक आहे, वाक्य माझं. हरले मी. दादासमोर बोलले तेही माझं, वडशाची खोलीही माझी. तुम्हाला पाहायची होती ती राणी तुम्ही पाहिलीत, आणि ती मी होते. हे म्हणताना मला इतका आनंद झाला, भाऊ, की शोक करायला आलेल्या बाईला तो शोभला नसेल.

पण घरी येऊन विचार केला तेव्हा एक गोष्ट माझ्या हाती राहिली, आणि ती मी सोडणार नाही. वहिनींनी तुमचे हात पाहिले, बरोबर आहे. त्यांनी माझा कान पाहिला नाही. वाक्य माझं असेल, पण त्या पहाटे मला ते ऐकू आलं ते विंगेतूनच, मऊ, फक्त माझ्याच कानात, तुमच्याच आवाजात. ते मी आजही शपथेवर सांगते. या मोसमात पुन्हा राणी आहे मी, कान विंगेकडेच ठेवणार आहे. आता बोला, दौलतभाऊ. यावर तुमचं काय म्हणणं आहे?